तीन स्कोअर आणि दहा

शहाद्याला कोर्टासमोरच्या गल्लीत माझी एक खोली होती. बाहेर पाटी होती, ‘इंग्रजीचे मराठी करून मिळेल’. पाटी रंगवणाऱ्याने आधी ‘इंग्रजांचे मराठी करून मिळेल’ असं लिहिलं होतं, आणि तो परत येऊन दुरुस्त करेपर्यंत दोन दिवस ती तशीच लटकत होती. समोरचे एक वकील येताजाता मला विचारायचे, “प्रमिलाताई, इंग्रज तं कव्हयनाच गयात, आते कोणले मराठी करशात?”

त्या खोलीत मी सत्तावीस वर्षं बसले. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी सांगितलं की आता पुरे, तेव्हा पाटी उतरवून घरी ब्राह्मणपुरीला आणली. ती सध्या गोठ्यात कडब्याच्या मागे उभी आहे.

हे काम काय असतं ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं दोन भाषा आल्या की झालं. शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी भाषांतराला कथा-कादंबऱ्या येत नाहीत. जुनी खरेदीखतं येतात, वारसांचे दाखले येतात, दवाखान्याचे रिपोर्ट येतात, परदेशी निघालेल्या मुलांची कागदपत्रं येतात, बियाण्याच्या आणि औषधाच्या डब्यातली माहितीपत्रकं येतात. आणणाऱ्याला कागद वाचता येत नाही, म्हणून तर तो आलेला असतो. तुम्ही बरोबर लिहिलंत की चूक, हे त्याला कधीच कळणार नसतं. शिंप्याचा झगा घट्ट झाला तर गिऱ्हाईक लगेच परत येतं. माझं गिऱ्हाईक माझं चुकलेलं माप अंगात घालून वर्षानुवर्षं फिरू शकतं.

आणि एक गोष्ट. अवघड शब्द आम्हाला फसवत नाहीत. अवघड शब्द दिसला की हात आपोआप शब्दकोशाकडे जातो. फसवतात ते ओळखीचे शब्द, आणि त्यातही आकड्यांचे. एक, दोन, तीन लहान पोरालाही येतात, म्हणून तिथे कोणी थांबत नाही.

आमच्याच गावचे छगनभाई केळीच्या बागेसाठी आणलेल्या एका औषधाची बाटली घेऊन आले होते. बाटलीला चिकटवलेलं पत्रक सगळं इंग्रजीत.

“बेन, हाई वाचीसन सांगा बरं. केळीले कितीदा द्यानं?”

पत्रकात ‘बाय-वीकली’ लिहिलं होतं. ‘बाय’ म्हणजे दोन, ‘वीकली’ म्हणजे आठवड्याचं. पण आठवड्यातून दोनदा, की दोन आठवड्यांतून एकदा? शब्दकोशात पाहिलं तर दोन्ही अर्थ दिलेले. इंग्रजी बोलणाऱ्यांनी आपापसांतही हे मिटवलेलं नाही. मी छगनभाईंना म्हटलं, मला माहीत नाही. ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही डॉक्टर म्हणाला की नाडी कुठे असते ठाऊक नाही. बाटलीवरच्या नंबरावर मी तीन दिवस फोन करत राहिले. चौथ्या दिवशी एका मुलीने विचारून सांगितलं, पंधरा दिवसांतून एकदा. तोवर छगनभाईंच्या शेजाऱ्याने तेच औषध अंदाजाने आठवड्यातून दोनदा देऊन पानांच्या कडा करपवून घेतल्या होत्या. छगनभाईंनी ही गोष्ट बाजारभर केली. “आपली बेन विचारीसन सांगस, अंदाजे नही सांगस,” असं माझं नाव झालं.

ते नाव मी फार मिरवलं. म्हणून पुढचं सांगणं मला भाग आहे.

वनहक्काचे दावे भरायचे ते दिवस होते. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरून माणसं गठ्ठे घेऊन शहाद्याला येत होती. आपण या जंगलात आधीपासून आहोत, याला पुरावा लागायचा, आणि काहींच्या हाती इंग्रज अमलातल्या कागदांच्या नकला लागल्या होत्या. जयंतभाऊ नावाचे एक तरुण वकील या लोकांची कामं मनापासून करायचे. त्यांनी एका दुपारी टंकलेल्या चार पानांची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली.

“ताई, परवा दावा दाखल करनं शे. उद्यापर्यंत व्हई का?”

आपल्या तालुक्याच्या उत्तरेला, डोंगरात, एका नाल्याच्या दोन बाजूंना दोन पाडे आहेत. त्यांची खरी नावं इथे देत नाही, वरचा पाडा आणि खालचा पाडा म्हणू. कोण्या इंग्रज जंगल अधिकाऱ्याने तिथे जाऊन चौकशी केली होती आणि कोणाचे काय हक्क ते लिहून ठेवलं होतं. त्यात एक वाक्य होतं की नाल्याच्या पूर्वेकडच्या मोहाच्या झाडांची फुलं वेचण्याचा हक्क पूर्वापार वरच्या पाड्याचा आहे. झाडं किती? ‘थ्री स्कोअर अँड टेन’.

स्कोअर. हा शब्द कोणाला येत नाही? चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा विचारतो, स्कोअर काय झाला. पण झाडांचा स्कोअर कसा असेल? मी शब्दकोश उघडला, हे मात्र खरं. पहिलाच अर्थ होता, खाच पाडणे, खूण करणे. तो वाचला आणि मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. जंगलात झाडांना खाच पाडून खूण करतातच की! म्हणजे तीन झाडं खुणेची, आणि दहा बिनखुणेची. टंकताना कोणाकडून तरी ‘स्कोअर्ड’मधलं शेवटचं अक्षर राहून गेलं असणार. मी शब्दकोश मिटला आणि लिहिलं, ‘खूण केलेली तीन व इतर दहा, अशी एकूण तेरा मोहाची झाडे’.

एवढ्यावर मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी जयंतभाऊंना ते वाक्य बोटाने दाखवून म्हटलं, “पाहा, हे जंगलखात्याचं इंग्रजी. सगळ्यांना लागत नाही.” तेही खूश झाले. दावा दाखल झाला, पुढे मंजूरही झाला, आणि वरच्या पाड्याच्या नावावर तेरा झाडं चढली.

पुढे सात-आठ वर्षं गेली. होळी होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी खोली उघडली तर पायरीवर एक म्हातारी आणि तिचा चाळिशीचा मुलगा बसलेले. म्हातारीचं नाव रेहमीबाई, मुलगा दामजी. दोघं वरच्या पाड्याचे. दामजीने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि माझा शिक्का दाखवला.

“बाई, हा कागद तूच केला ना?”

डोंगरातली माणसं बहुतेकांना तूच म्हणतात. त्यात अनादर नसतो.

मी म्हटलं, “हो, माझाच.”

“मग हे तेरा कुठून आले?”

मग त्याने जे सांगितलं ते असं. कागद झाल्यावरही बरीच वर्षं कोणी त्यात डोकावलं नव्हतं. नाल्याच्या पूर्वेकडचे सगळे मोह वरच्या पाड्याच्या बाया वेचत होत्या, त्यांच्या आयाही वेचायच्या. मोहाचं फूल पहाटे गळतं. बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात, झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते, आणि ऊन वर यायच्या आत वेचून परततात. वाळवलेली फुलं पावसाळ्यापर्यंत पुरतात, उरतील ती बाजारात जातात. मग खालच्या पाड्यातल्या कोणीतरी मंजूर दाव्याची प्रत आणून वाचली. त्यात तेरा. बाकीची झाडं मग तुमची कशी? तीन वर्षांपूर्वी खालच्या पाड्याच्या लोकांनी झाडांखाली उभं राहून वरच्या बायांना अडवलं. टोपल्या पालथ्या केल्या. पुढच्या वर्षी काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. रेहमीबाईची मुलगी खालच्या पाड्यात दिलेली होती, नाला ओलांडला की घर. तीन वर्षांत ती माहेरी आली नव्हती. तिला येऊ देत नव्हते.

मी ऐकलं, आणि मग जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, “दादा, मूळ इंग्रजी कागदातच तेरा आहे. मी काय करणार? मी फक्त भाषा बदलते.”

दामजीने ते आईला तिच्या बोलीत सांगितलं. ती जमिनीवर हाताचा पंजा टेकून, माझ्याकडे बघत सावकाश काहीतरी बोलली. मला त्यातला ‘वीह’ एवढाच शब्द कळला.

“काय म्हणते माय?” मी विचारलं.

“ती म्हणते, तीन विसा आणि दहा. तिच्या सासूने मोजून दिले होते. तीन विसा आणि दहा मोह.”

तीन विसा. आमच्याकडेही जुन्या बाया असंच मोजायच्या. माझ्या सासूबाई गोवऱ्यांच्या विसाविसाच्या रांगा लावून ‘चार विसा झाल्या’ असं सांगायच्या. तीन विसा आणि दहा. थ्री स्कोअर अँड टेन.

मी उठून कपाटातून फाइल काढली. केलेल्या प्रत्येक कामाची प्रत ठेवायची माझी सवय होती. मूळ वाक्य पुन्हा वाचलं. एकही अक्षर पुसट नव्हतं. मग तोच शब्दकोश उघडला, तेच पान. खाच पाडणे, खूण करणे. त्याच्या खाली गुण, धावसंख्या. आणि आणखी दोन ओळी खाली, स्वच्छ मराठीत, ‘विसाचा समूह, कोडी’. सात-आठ वर्षांपूर्वीही ते तिथेच होतं. मी दोन ओळी खाली उतरले नव्हते.

नंतर मी या शब्दाचा माग काढला, आता काढून काय उपयोग म्हणत काढला. जुन्या काळी विलायतेत मेंढ्या मोजताना वीस झाल्या की काठीवर एक खाच पाडत. म्हणून स्कोअर म्हणजे खाच, आणि खाच म्हणजे वीस. खेळातला स्कोअरही त्याच खाचांवरून आला. तीन खाचा आणि वर दहा, म्हणजे सत्तर. इंग्रजीत माणसाचं आयुष्य सांगायलाही जुनी माणसं असंच म्हणत. आता हा शब्द आकड्यासाठी फारसा वापरत नाहीत. ‘स्कोअर्स ऑफ पीपल’ म्हटलं की विसाचे ढीग मोजायचे नसतात, पुष्कळ माणसं एवढाच अर्थ. पण त्या साहेबाच्या काळात स्कोअर म्हणजे रोकडे वीस.

त्या दिवशी मात्र मी दामजीला हे काही सांगितलं नाही. “दोन दिवसांनी या, मी पुन्हा बघते,” एवढंच म्हटलं. मायलेक उन्हात डोंगराच्या वाटेला लागले आणि मी खोली बंद करून घरी आले.

नवऱ्याला सांगितलं. ते शेतातून येऊन पाय धूत होते. “त्यात काय,” ते म्हणाले, “नवी प्रत मिळनी सांग, नवं भाषांतर दी टाक. जुनाले कोण इचारस? तुन्हं नाव कसाले खराब करस?”

जयंतभाऊंनीही जवळजवळ तेच सुचवलं. आता ते पोक्त दिसत होते, कानांजवळ पांढरे केस आले होते. “ताई, जुनी नक्कल पुसट व्हती असं लिखा. कोणी काही बोलनार नही. तुम्हनं नाव पण राही, त्यासनं काम पण व्हई.” बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला, कारण दावा त्यांनीच दाखल केला होता आणि त्यांनीही मूळ कागद ताडून पाहिला नव्हता.

दोघांचंही सांगणं मला पटत होतं. नाव जायचं म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्यालाच कळतं. पण नक्कल पुसट होती म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग सत्तर तरी कशावरून? पुसट कागदात तेरा दिसू शकतात तर सत्तरही दिसू शकतात. खोटं बोलून वरच्या पाड्याचा पुरावाच मी लेचापेचा करणार होते. आणि खालच्या पाड्याची माणसं तरी काय चुकली होती? त्यांनी सरकारी कागदावर विश्वास ठेवला होता. त्या कागदावर माझा शिक्का होता.

दामजी आला तेव्हा मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याने कागद पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. मग म्हणाला, “आईला तू सांग. मी नाही सांगणार.” रेहमीबाई बाहेर पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले आणि म्हटलं, “माय, मी चुकले. वीस मला कळले नाहीत.” तिला मराठी समजत नाही असं मी धरून चालले होते. तिने माझ्याकडे पाहून तोडक्या मराठीत विचारलं, “शिकलेली ना तू?” आणि उठून गेली.

मी प्रतिज्ञापत्र लिहिलं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. ‘मूळ प्रत स्पष्ट आहे. चूक माझी आहे.’

सुनावणी प्रांत कार्यालयात होती. प्रांतसाहेब म्हणजे एक बाईच होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि ऐकून घेणाऱ्या. दोन्ही पाड्यांची वीस-पंचवीस माणसं आली होती, दोन बाजूंच्या भिंतींना टेकून उभी. खालच्या पाड्याच्या वतीने बोलायला रूपसिंग नावाचा माणूस होता, उंच, खांद्यावर टॉवेल, आवाज डोंगरावरून हाक मारायची सवय असलेला. माझं प्रतिज्ञापत्र वाचून होताच तो म्हणाला, “मॅडम, ही बाई तेव्हा तेरा म्हणाली, आता सत्तर म्हणते. उद्या शंभर म्हणेल. हिला कोणी काय दिलं ते विचारा.”

मी मान खाली घातली. त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

मॅडमनी मला विचारलं, “तुमच्या शब्दकोशाखेरीज दुसरा काही आधार आहे का? या कागदातलाच?”

होता. त्या दोन दिवसांत मी चारही पानं पहिल्यापासून वाचली होती, एकेका शब्दावर बोट ठेवून, जशी पहिल्यांदाच वाचायला हवी होती. तिसऱ्या पानावर दोन्ही पाड्यांची मिळून वस्ती सांगितली होती, ‘टू स्कोअर’ झोपड्या. हे वाक्य मी तेव्हा ‘दोन खुणेच्या झोपड्या’ असं करून मोकळी झाले होते. झोपडीला खूण कशाला असेल, हा प्रश्नही मला पडला नव्हता. आणि चौथ्या पानावर त्या साहेबाने घरटी एकेका कर्त्या माणसाचं नाव लिहिलं होतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “मोजायची परवानगी द्या. वरच्या पाड्याची नको, मी नको, रूपसिंगभाऊंनाच मोजू द्या. मी नुसती नावं वाचते.”

खोलीत कुजबुज झाली. रूपसिंग पुढे आला. मी इंग्रजी स्पेलिंगांतून वाट काढत एकेक नाव वाचायला लागले. साहेबाने नावांची पार मोडतोड केलेली होती. पण अर्ध्या नावांवर भिंतीशी उभ्या म्हाताऱ्यांतून कोणीतरी पुटपुटायचं, हा अमक्याचा आजा, हा तमक्याचा पणजा. रूपसिंग बोटांची पेरं मोजत होता. वीस झाले की टॉवेलाला एक गाठ मारत होता. एका नावाशी मी अडखळले, तेव्हा तोच म्हणाला, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. तो म्हणाला, “तो आमचा. माझ्या बापाचा आजा.” आणि त्याने पुढच्या पेरावर अंगठा ठेवला.

यादी संपली तेव्हा टॉवेलाला दोन गाठी होत्या आणि बोटं मोकळी होती. चाळीस नावं. दोन स्कोअर झोपड्या.

मॅडमनी रेहमीबाईला पुढे बोलावलं आणि दामजीकरवी विचारलं, मोह किती होते? तिने तेच सांगितलं, तीन विसा आणि दहा. मॅडम म्हणाल्या, कशावरून? तेव्हा म्हातारीने झाडांची नावं घ्यायला सुरुवात केली. सातपुड्यात प्रत्येक मोहाला नाव असतं. वाकडा मोह, घुबडाचा मोह, दोन भावांचा मोह, ज्याच्याखाली कोणी बाळंत झाली तो मोह. वीस-बावीस नावं झाली आणि पलीकडच्या भिंतीशी उभ्या खालच्या पाड्याच्या एका म्हाताऱ्याने तिला मधेच थांबवून काहीतरी सांगितलं. मला वाटलं, भांडण पेटलं. दामजी हळूच म्हणाला, “एक सुटला होता. त्याने आठवण दिली.”

मॅडमनी झाडं समक्ष मोजायला सांगितलं. दोन्ही पाड्यांच्या माणसांसमोर मोजणी झाली. चौसष्ट उभी निघाली. पाच झाडांचे बुंधे दाखवता आले, एकाची नुसती जागा. नोंद दुरुस्त झाली. पण कागद दुरुस्त झाला म्हणून डोकी भरून येत नाहीत. ते काम दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी केलं. नाल्याच्या काठाला बसून त्यांनी ठरवलं की वरच्या पाड्याच्या ज्या मुली खाली दिल्या आहेत, त्यांनी आपल्या आईच्या झाडाखाली वेचायला यायचं. हे कुठल्याच साहेबाने कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही, आणि अजून कोणी मोडलेलं नाही.

शहाद्यात माझं काय झालं? दोन वकिलांनी काम देणं बंद केलं. कोर्टासमोर कोणीतरी मला ऐकू जाईल असं म्हणालं, “स्कोअर काय झाया ताईना?” मी ते गिळलं. त्यानंतर मी बाहेरच्या पाटीखाली एक छोटा कागद चिकटवला, की मागच्या कोणत्याही कामात चूक वाटली तर मूळ कागद घेऊन या, पुन्हा तपासून मिळेल. वर्षभरात अकरा जण आले. नऊ ठिकाणी मी बरोबर होते, दोन ठिकाणी चुकले होते, किरकोळ, पण चुकलेच. त्या दोन दुरुस्त्या मी ज्या समाधानाने करून दिल्या, तसं समाधान मला आधीच्या कौतुकाने कधी दिलं नव्हतं.

पुढच्या होळीनंतर जयंतभाऊंबरोबर मी वरच्या पाड्यावर गेले. आदल्या दिवशीच पोहोचलो होतो, म्हणून पहाटे झाडांखाली जाता आलं. मोहाच्या फुलांचा वास गोड आणि जड असतो, पोटात उतरतो. रेहमीबाई वेचत होती. तिच्याशेजारी वाकलेली बाई तिची मुलगी आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, दोघींची कंबर वाकवायची ढब एकच होती. मी बोलायला काहीतरी मनात जुळवून नेलं होतं. म्हातारीने ते ऐकून न घेता माझ्या हातात टोपली दिली आणि एका झाडाकडे बोट केलं. मी अर्धा तास वेचलं, कंबर मोडली, टोपलीचा तळ जेमतेम झाकला. तिने येऊन टोपलीत हात फिरवला, चार वाळकी पानं आणि एक खडा काढून बाजूला टाकला, आणि लेकीला काही बोलली. दोघी खळखळून हसल्या. दामजीला विचारलं तर तो म्हणाला, “म्हणते, ही वेचताना पण नीट बघत नाही.”

मीही हसले.

त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, माझ्या खोलीच्या दारात रूपसिंग येऊन उभा राहिला. एकटाच, खांद्यावर तोच टॉवेल. मी जरा सावरून बसले. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. खालच्या पाड्याच्या हक्कांबद्दल त्याच साहेबाच्या चौकशीतलं आणखी एक पान होतं, जयंतभाऊंच्या खटपटीने मिळालेलं.

“हे मराठीत कर,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “रूपसिंगभाऊ, नंदुरबारला माझ्याहून चांगली माणसं आहेत. तुम्ही भर कचेरीत म्हणाला होतात, हिला कोणी काय दिलं ते विचारा.”

“म्हणालो होतो.”

“मग माझ्याकडे का आलात?”

त्याने थोडा विचार केला. “तू स्वतःच्या विरुद्ध लिहून दिलं,” तो म्हणाला. “आमच्या विरुद्ध असेल तरी खरंच लिहिशील. आम्हाला आधी कळलेलं बरं.”

तो बाकावर टेकला. मी चष्मा पुसला, शब्दकोश ओढून जवळ घेतला आणि त्या पानावर पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.